छोट्या दीर्घिकांतल्या लहान ताऱ्यांची मोजदाद

सूर्याला सर्वांत जवळचा तारा साध्या डोळ्यांनी दिसत नाही. प्रॉक्झिमा सेंटॉरी आपल्यापासून ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, पण त्याचे वस्तुमान सूर्याच्या आठव्या हिश्शाइतकेच आणि त्याचा प्रकाश त्याहूनही कितीतरी कमी. हा तारा अपवादही नाही. आपल्याभोवतीच्या तीसएक प्रकाशवर्षांच्या परिसरातले तारे मोजले, तर चारांतले तीन असेच लहान, लाल आणि मंद निघतात. रात्री आपण ज्यांना तारे म्हणून ओळखतो ते बहुतेक मोठे, भडक आणि दूरचे असतात. आकाशगंगेची खरी वस्ती या लाल खुज्या ताऱ्यांची आहे आणि ती आपल्या नजरेच्या पलीकडे आहे.

हे तारे फार जपून जळतात. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत संपतो, सूर्याला साधारण दहा अब्ज वर्षे मिळतात, आणि सूर्याच्या दहाव्या हिश्शाचा तारा काही लाख कोटी वर्षे जळत राहतो. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे. म्हणजे असा एकही तारा आजवर म्हातारपणाने मेलेला नाही. जन्मलेला प्रत्येक लहान तारा अजून कुठे ना कुठे तेवतो आहे. म्हणूनच एखाद्या दीर्घिकेने तारे कसे घडवले, याची सर्वांत विश्वासू नोंद लहान ताऱ्यांत सापडते. मोठ्या ताऱ्यांची नोंद केव्हाच पुसली जाते.

एडविन साल्पीटर यांनी कॅनबेऱ्यात असताना एक साधा वाटणारा प्रश्न विचारला आणि १९५५ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. वायूच्या मेघातून तारे जन्मतात तेव्हा मोठे किती आणि लहान किती? त्यांनी सूर्याच्या परिसरातले तारे मोजले, मरून गेलेल्यांचा हिशेब जोडला आणि एक नियमित प्रमाण मांडले. सूर्याच्या ४ ते ८ पट वस्तुमानाचे १०० तारे जन्मले, तर २ ते ४ पटींचे सुमारे २५० आणि १ ते २ पटींचे साडेसहाशे जन्मतात. पुढच्या संशोधनात कळले की अर्ध्या सूर्याच्या खाली ही वाढ मंदावते, सूर्याच्या पाव ते पाचव्या हिश्शाच्या आसपास शिखर येते आणि त्यानंतर संख्या घटू लागते. पावेल क्रूपा आणि जिल शाब्रिए यांनी या शतकाच्या सुरुवातीला प्रमाणाच्या या वक्राचे जे रूप मांडले, ते आज सर्रास वापरले जाते.

या वक्रावर खगोलशास्त्राचा केवढा डोलारा उभा आहे, याची जाणीव बाहेरच्या वाचकाला सहसा नसते. अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतून आपल्यापर्यंत येतो तो प्रामुख्याने मोठ्या ताऱ्यांचा प्रकाश. लहान तारे दिसत नाहीत, पण ताऱ्यांच्या वस्तुमानाचा मोठा वाटा त्यांच्याकडे असतो. मग त्या दीर्घिकेचे वजन काढायचे कसे? दिसलेल्या मोठ्या ताऱ्यांवरून, आकाशगंगेतलेच प्रमाण तिथेही असणार असे धरून. दीर्घिका किती वेगाने तारे घडवते, विश्वात एकूण किती तारे जन्मले, जड मूलद्रव्ये केव्हा आणि किती तयार झाली, ही सगळी गणिते याच गृहीतावर चालतात. ते चुकीचे असेल तर चूक एका दीर्घिकेपुरती राहत नाही, ती विश्वाच्या सगळ्या इतिहासात झिरपते.

गृहीत तपासण्यासाठी वेगळ्या परिस्थितीत जन्मलेले तारे हवेत, आणि ते एकेक करून मोजता येतील इतके जवळही हवेत. या दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या जागा फार थोड्या आहेत: आकाशगंगेच्या शेजारच्या खुज्या दीर्घिका.

वेगळी परिस्थिती म्हणजे मुख्यतः जड मूलद्रव्यांची टंचाई. सूर्याच्या वस्तुमानात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळी मूलद्रव्ये मिळून दीड टक्क्याच्या आसपास भरतात. मॅगेलनचे दोन मेघ या आपल्या शेजारच्या दीर्घिका; त्यांतल्या मोठ्या मेघात हे प्रमाण निम्मे आहे, छोट्या मेघात पाचवा हिस्सा, आणि त्याहून लहान दीर्घिकांत आणखी कमी. लिओ-पी नावाची एक इवलीशी दीर्घिका २०१३ मध्ये जगापुढे आली. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीला तिचा हायड्रोजन आधी दिसला आणि तारे नंतर. तिच्यातली जड मूलद्रव्ये सूर्याच्या तुलनेत अवघी तीन टक्के आहेत. लहान दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण दुबळे असते. तारे फुटून तयार झालेली जड द्रव्ये तिला धरून ठेवता येत नाहीत, ती बाहेर उधळली जातात, आणि दीर्घिका पिढ्यानपिढ्या गरीबच राहते.

या गरिबीचा ताऱ्यांच्या आकाराशी काय संबंध? इथे जरा थांबायला हवे, कारण सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

वायूचा मेघ स्वतःच्या गुरुत्वाने आत ओढला जातो आणि आतली उष्णता त्याला बाहेर ढकलते. १९०२ मध्ये जेम्स जीन्स यांनी दाखवले की, ठरावीक तापमानाला आणि घनतेला एक किमान वस्तुमान असते. त्याहून जड तुकडाच कोसळू शकतो. घनता तीच राहिली आणि तापमान चौपट झाले, तर हे किमान वस्तुमान आठपट होते. सरळ अर्थ असा, की लहान तारे हवे असतील तर मेघ खूप थंड व्हायला हवा, म्हणजे त्याचे बारीक तुकडे पडतील. आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या गर्भाशयात तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, निरपेक्ष शून्याच्या फक्त दहा अंश वर.

मेघ थंड होतो तो उष्णता प्रकाशरूपाने बाहेर टाकून, आणि हे काम हायड्रोजनला नीट जमत नाही. ते जड मूलद्रव्ये करतात. कार्बनचे आयनीभूत अणू १५८ मायक्रॉन तरंगलांबीला किरण सोडतात, ऑक्सिजनचे ६३ मायक्रॉनला. अधिक दाट भागात कार्बन मोनॉक्साइडचे रेणू आणि शेवटी धूलिकण हा भार उचलतात. विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांच्या वेळी यांतले काहीच नव्हते. हायड्रोजनच्या रेणूंना मेघ निरपेक्ष शून्याच्या दोनेकशे अंश वर आणता येत होता, त्याखाली नाही. म्हणून ते पहिले तारे अवाढव्य असावेत, असा सर्वसाधारण तर्क आहे. लहान ताऱ्यांचे युग केव्हा सुरू झाले असेल, याबद्दल सैद्धांतिकांचे दोन अंदाज आहेत. कार्बन आणि ऑक्सिजन पुरेसे धरले तर सूर्याच्या काही दहाहजारांशांइतकी जड द्रव्ये लागतात. धूळ हिशेबात घेतली तर लाखांशही पुरतात.

शेजारच्या खुज्या दीर्घिका या दोन टोकांच्या मध्ये उभ्या आहेत. पहिल्या मेघांइतक्या त्या कोऱ्या नाहीत, आकाशगंगेइतक्या समृद्धही नाहीत. दहा-अकरा अब्ज वर्षांपूर्वी विश्वात ताऱ्यांचा जन्म सर्वाधिक जोरात होता. त्या काळच्या अनेक दीर्घिकांची रासायनिक स्थिती आजच्या मॅगेलनच्या छोट्या मेघासारखी होती.

या दीर्घिकांत कच्चा माल मात्र भरपूर असतो, आणि हे कळण्यात पुणे जिल्ह्याचा मोठा हात आहे. नारायणगावजवळ खोडदला केंद्र असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी जवळच्या साठाहून अधिक मंद, अनियमित आकाराच्या खुज्या दीर्घिकांतला हायड्रोजन टिपला. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेली ही पाहणी 'फिग्ज' या नावाने ओळखली जाते. त्यांनी २००५ मध्ये एनजीसी ३७४१ या दीर्घिकेची हकिगत सांगितली, ती विलक्षण आहे: दृश्य प्रकाशात तिचा जेवढा पसारा दिसतो, त्याच्या आठपट दूरवर तिचा वायू पसरलेला आहे. म्हणजे खुजी ती ताऱ्यांच्या बाबतीत. वायू आहे, पण त्याचे तारे होत नाहीत, किंवा फार संथपणे होतात.

त्या वायूत थंड, दाट गाभे सापडतात का? तारे शोधणाऱ्या खगोलज्ञांची जुनी खूण म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. गरीब दीर्घिकांत ती खूण जवळपास नाहीशी होते, कारण धूळ विरळ असते आणि तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण हे रेणू फोडून टाकतात. तीस लाख प्रकाशवर्षांवरच्या डब्ल्यूएलएम या दीर्घिकेत जड मूलद्रव्ये सूर्याच्या १३ टक्के आहेत. तिथे २०१३ मध्ये हा रेणू पहिल्यांदा दिसला. दोन वर्षांनी चिलीच्या मोनिका रुबिओ आणि सहकाऱ्यांनी अल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या तिकडे वळवल्या, तेव्हा त्यांना दहा चिमुकले मेघ सापडले. त्यांची सरासरी त्रिज्या सहा-सात प्रकाशवर्षे होती. भोवती हायड्रोजनच्या रेणूंचे प्रचंड आवरण आणि आत कार्बन मोनॉक्साइडचे हे इवले गाभे. पण त्या गाभ्यांची घनता आणि दाब आकाशगंगेतल्या तशाच मेघांसारखा निघाला. मला या शोधाचे फार महत्त्व वाटते. बाहेरची परिस्थिती कितीही परकी असली, तरी तारा प्रत्यक्ष जन्मतो त्या कोपऱ्यात ती ओळखीची होत जाते, असे त्यातून सूचित होते.

आता ताऱ्यांकडे वळू. मॅगेलनचे दोन मेघ दक्षिणेकडच्या लोकांना वर्षातले कितीतरी महिने डोक्यावर दिसतात. आपल्याकडे अगस्त्य ठळक दिसतो तेव्हा मोठा मेघ त्याच्या सतरा अंश खाली असतो. पणजीहून तो क्षितिजापासून जेमतेम पाच अंश वर येतो आणि समुद्रावरच्या धूसर हवेत विरून जातो. छोटा मेघ तर महाराष्ट्राच्या बहुतेक भागातून उगवतच नाही. याच छोट्या मेघातल्या रूपविकारी ताऱ्यांवरून हेन्रिएटा लीव्हिट यांनी १९१२ मध्ये अंतर मोजण्याचे सूत्र दिले. आजही विश्वाच्या मोजमापाच्या शिडीची ती एक खालची पायरी आहे. मोठा मेघ सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे, छोटा सुमारे २ लाख.

इतक्या अंतरावरून आपला सूर्य कसा दिसेल? डोळ्याला दिसू शकणाऱ्या सर्वांत अंधुक ताऱ्याच्या कोटी पटींनी अंधुक. सूर्याहून लहान तारे त्याहून खाली. मोठ्या मेघातल्या विख्यात टारंट्युला तेजोमेघात सूर्याच्या दोनशेपट वस्तुमानाच्या घरातले राक्षसी तारे सापडतात. २०१८ मध्ये फाबियन श्नायडर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या अडीचशेच्या आसपास जड ताऱ्यांचा अभ्यास करून दाखवले, की तीस सूर्यांहून जड तारे अपेक्षेपेक्षा तीसएक टक्के जास्त आहेत. ही वरच्या टोकाची गोष्ट झाली. त्यावरून खालच्या टोकाला लहान तारे कमी पडले असतील असे म्हणायचा मोह होतो, पण वरचे टोक आणि खालचे टोक वेगवेगळ्या कारणांनी ठरत असू शकते. मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

छोट्या मेघातले सर्वांत मोठे जन्मस्थान म्हणजे एनजीसी ३४६. हबल दुर्बिणीने २००४ च्या सुमारास त्याची खोलवर छायाचित्रे घेतली आणि सूर्याच्या ०.६ पटीपर्यंतच्या हजारो कोवळ्या ताऱ्यांची गर्दी उघड झाली. हे तारे अजून आकसत होते, त्यांच्या पोटात हायड्रोजनचे ज्वलन सुरू व्हायचे होते. गरीब दीर्घिकेत लहान तारे जन्मूच शकत नाहीत, ही शंका इथेच मिटली. जन्मतात, आणि घोळक्याने जन्मतात. जेम्स वेब दुर्बिणीने त्याच जागी पाहिले आणि त्याचे निष्कर्ष २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाले, तेव्हा ऑलिव्हिया जोन्स यांच्या चमूला सूर्याएवढ्या आणि त्याहून लहान बालताऱ्यांभोवती गुंडाळलेली धूळसुद्धा दिसली. ग्रह ज्यापासून घडतात ती हीच सामग्री.

एनजीसी ३४६ ने यापुढे जाऊन एक कोडे घातले. गुइदो दे मार्की आणि सहकाऱ्यांनी हबलच्या छायाचित्रांत हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश जास्त असणारे तारे वेचून काढले. भोवतीच्या चकतीतला वायू ताऱ्यावर कोसळतो, तापतो आणि हा प्रकाश सोडतो. म्हणजे तारा अजून खातो आहे. अशा ताऱ्यांतले काही दोन-तीन कोटी वर्षे वयाचे निघाले. आकाशगंगेत अशा चकत्या निम्म्याहून अधिक ताऱ्यांभोवती दोन-तीन दशलक्ष वर्षांत विरून जातात. दहापट जास्त टिकणारी चकती अनेकांना मान्य होईना. आसपासच्या तेजोमेघाचा प्रकाश ताऱ्याच्या नावावर लागला असेल, हा आक्षेप रास्तही होता. वेब दुर्बिणीवर अडीच लाखांच्या घरात सूक्ष्म झडपा असलेले उपकरण आहे. त्यातून ताऱ्याचा आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेचा वर्णपट वेगवेगळा घेता येतो. २०२४ च्या डिसेंबरात दे मार्की यांनी अशा दहा ताऱ्यांचे वर्णपट प्रसिद्ध केले. चकत्या खरोखर आहेत आणि तारे अजून खात आहेत.

असे का व्हावे? दोन कारणे सुचवली गेली. ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब चकतीला पांगवतो, पण तो दाब घेणारी जड मूलद्रव्येच कमी असतील तर पांगायला वेळ लागतो. किंवा गरीब वायूतून तारा घडायला मुळात मोठा मेघ लागतो, त्यामुळे चकतीही मोठी होते आणि संपायला जास्त काळ घेते. आता अडचण पाहा. आकाशगंगेच्या बाहेरच्या कडेला, केंद्रापासून फार दूर, जड मूलद्रव्ये कमी असलेले तरुण तारकासमूह आहेत. जपानच्या चिकाको यासुई आणि सहकाऱ्यांनी २००९-१० मध्ये ते तपासले, तेव्हा उलटेच चित्र दिसले: चकती असलेले तारे फार थोडे, जणू चकत्या घाईने नाहीशा झाल्या. दोन्ही निरीक्षणे काळजीपूर्वक केलेली आहेत. एकात धुळीची ऊब मोजली आहे, दुसऱ्यात कोसळणारा वायू. धूळ लवकर जाते आणि वायू रेंगाळतो, असा मेळ घालता येईल का, हे अजून कोणी निर्णायकपणे दाखवलेले नाही. ग्रहांच्या दृष्टीने या फरकाला मोल आहे. गुरूसारखे मोठे ग्रह जड मूलद्रव्यांनी संपन्न ताऱ्यांभोवती जास्त आढळतात हे ठाऊक आहे. गरीब ताऱ्यांना सामग्री कमी असली, तरी वेळ दहापट मिळत असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

लहानपणाची शेवटची पायरी म्हणजे तपकिरी बटू. सूर्याच्या ०.०८ पटींहून कमी वस्तुमान असेल तर पोटात हायड्रोजन कायमचा पेटत नाही. तो गोळा तारा होता होता राहतो. आकाशगंगेबाहेर असा गोळा दिसणे वेबच्या आधी अशक्य होते. २०२४ च्या ऑक्टोबरात पीटर झाइडलर आणि सहकाऱ्यांनी छोट्या मेघाच्या टोकाकडे असलेल्या एनजीसी ६०२ या तरुण समूहात असे ६४ उमेदवार शोधले. त्यांचे वस्तुमान गुरूच्या ५० ते ८४ पट, म्हणजे तारा आणि बटू यांच्या सीमेवरच. सूर्याच्या तुलनेत पाचव्या हिश्शाइतकीच जड मूलद्रव्ये असलेल्या वायूतून इतके बारीक तुकडे पडू शकतात, ही गोष्ट जीन्सच्या सूत्रावर डोळे मिटून विसंबणाऱ्याला कोड्यात टाकणारी आहे.

दुसरी वाट म्हाताऱ्या दीर्घिकांची. आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या काही अतिमंद दीर्घिकांत वायू उरलेला नाही, नवे तारे होत नाहीत. सगळे तारे बारा-तेरा अब्ज वर्षांपूर्वी जन्मले. तिथे ०.८ सूर्याहून लहान असलेले सगळे तारे आजही हजर आहेत, त्यामुळे आजची मोजणी म्हणजेच जन्माची मोजणी. गोलाकार तारकागुच्छांत ही सोय नाही. तिथे तारे दाटीने असतात, एकमेकांना झोके देतात, आणि हलके तारे हळूहळू गुच्छाबाहेर फेकले जातात. खुज्या दीर्घिका इतक्या विरळ असतात की ही गळती होत नाही.

२००२ मध्ये रोझमेरी वाइज आणि सहकाऱ्यांनी ध्रुवमत्स्यातल्या अर्सा मायनर दीर्घिकेतले तारे मोजले. प्रमाण आकाशगंगेतल्या जुन्या गुच्छांसारखेच निघाले. मग हा प्रश्न सुटला असे वाटू लागले. २०१३ मध्ये तो पुन्हा उघडला गेला. मार्ला गेहा यांच्या चमूने शौरी तारकासमूहातली हर्क्युलिस आणि सिंहातली लिओ-४ या दोन दीर्घिका घेतल्या. दोन्हींचा सगळा प्रकाश मिळून काही दहा हजार सूर्यांएवढा, त्यांतली जड मूलद्रव्ये सूर्याच्या शंभराव्या हिश्शाच्याही खाली. ०.५ ते ०.७७ सूर्य या पट्ट्यात आकाशगंगेत लहान तारे ज्या वेगाने वाढतात, त्याच्या कितीतरी कमी वेगाने ते इथे वाढताना दिसले. त्याच वर्षी जेसन कलिराई यांनी छोट्या मेघाबद्दल तसेच काहीसे सांगितले. त्यांची सामग्री योगायोगाची होती: ४७ टुकाने या जवळच्या तारकागुच्छाकडे हबल दुर्बीण दीर्घकाळ रोखली होती आणि त्याच्या मागे छोट्या मेघातले तारे आपोआप टिपले गेले. पुढे मारिओ जेन्नारो यांनी सहा अतिमंद दीर्घिका मोजल्या, तर सहांचे प्रमाण एकसारखे आले नाही.

मात्र या निष्कर्षांना एक जबर मर्यादा आहे. २०१७ मध्ये करीम एल-बद्री आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. मोजता आलेला वस्तुमानाचा पट्टा फार अरुंद आहे आणि ताऱ्यांची संख्याही थोडी. साडेपाच ते सहा फूट उंचीचीच माणसे मोजून सगळ्या गावाची उंची सांगायला बसावे, तसे ते होते. पट्ट्यातला उतार खरोखर वेगळा असेल, किंवा शिखर थोडे सरकलेले असेल. इतक्या थोड्या जागेत दोन्ही सारखेच दिसते. फरक ओळखायचा तर मोजणी अर्ध्या सूर्याच्या खूप खाली, निदान ०.२ पर्यंत न्यायला हवी. कारण आकाशगंगेतला वक्र वळतो तो तिथेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, ती जोडताऱ्यांची. इतक्या अंतरावरून जवळजवळ फिरणारे दोन तारे एकच दिसतात. धाकटा थोरल्याच्या प्रकाशात हरवतो आणि मोजणीतून गळतो. गेहा यांनी याचा हिशेब धरला होता. पण आकाशगंगेतल्या सूर्यासारख्या ताऱ्यांच्या पाहणीत मॅक्सवेल मो आणि सहकाऱ्यांना २०१९ मध्ये असे दिसले, की जड मूलद्रव्ये जितकी कमी, तितके निकट जोडतारे जास्त. त्याच वर्षी मॅथ्यू बेट यांनी संगणकावर ताऱ्यांचे समूह घडवून पाहिले, सूर्याच्या शंभराव्या हिश्शापासून तिपटीपर्यंत जड मूलद्रव्ये बदलत. ताऱ्यांच्या वस्तुमानांचे प्रमाण जवळपास बदललेच नाही. निकट जोडतारे मात्र गरीब वायूत वाढले. निरीक्षण आणि गणित इथे एकाच दिशेला बोट दाखवतात. म्हणून लहान तारे कमी आहेत असे ऐकले की ते खरोखर कमी जन्मले, की जोड्यांत दडले, हे आधी विचारायला हवे.

प्रमाण न बदलण्यामागे बेट आणि मार्क क्रुमहोल्झ यांच्यासारख्यांनी दिलेले कारण मला पटते. मेघ किती थंड होतो हे अर्धेच सत्य आहे. पहिला बालतारा पेटला की त्याच्यावर कोसळणाऱ्या वायूची उष्णता भोवतालचा परिसर तापवते आणि जवळपास नवे तुकडे पडू देत नाही. तुकड्यांचा आकार मग बाहेरच्या वायूपेक्षा ताऱ्याच्या स्वतःच्या उबेवर जास्त ठरतो. आणि ती ऊब गुरुत्वाकर्षणातून येते; तिला कार्बन-ऑक्सिजनची गरज नसते. डब्ल्यूएलएममधल्या इवल्या गाभ्यांचे ओळखीचे रूप आणि एनजीसी ६०२ मधले तपकिरी बटू हे दोन्ही या स्पष्टीकरणाशी जुळतात. प्रमाण बदलते असे सुचवणाऱ्या उलट बाजूला केवळ गरीब दीर्घिकाच नाहीत. २०१० मध्ये पीटर व्हान डॉक्कम आणि चार्ली कॉनरॉय यांनी कन्या आणि अरुंधतीकेश या दिशांच्या समूहांतल्या धिप्पाड लंबगोल दीर्घिकांच्या वर्णपटात सोडियम आणि लोह-हायड्राइडच्या खुणा वाचल्या आणि तिथे लहान तारे अपेक्षेहून जास्त असल्याचे सांगितले. धिप्पाड दीर्घिकांत जास्त, अतिमंद दीर्घिकांत कमी, असा क्रम लावायला मन धावते. पण पहिल्या ठिकाणी एकही तारा सुटा दिसलेला नाही. सगळे एकत्रित प्रकाशावरून काढलेले अनुमान आहे. दोन पुराव्यांचे वजन सारखे धरता येणार नाही.

काम आता खोलीत उतरण्याचे आहे. अरुंधतीकेशातल्या कोमा बेरेनिसेस या अतिमंद दीर्घिकेत हबलच्या अवरक्त कॅमेऱ्याने ०.२ सूर्याच्या आसपास मजल मारली होती. लहान तारे आपला बराचसा प्रकाश अवरक्तातच टाकतात, म्हणून वेबला त्याहून खाली जाणे शक्य आहे. चिलीत सेरो आर्माझोनेसच्या डोंगरावर ३९ मीटर आरशाची दुर्बीण उभी राहते आहे. मॅगेलनचे दोन्ही मेघ तिथून चांगले उंचावर येतात. एनजीसी ६०२ मधले ६४ गोळे आज तरी उमेदवारच आहेत. त्यांचे रंग आणि तेज तपकिरी बटूंशी जुळते. वर्णपट घेतल्यावर त्यातले काही मागच्या दूरच्या दीर्घिकाही ठरू शकतील, आणि किती गाळले जातात यावर छोट्या मेघातल्या वक्राचे खालचे टोक कुठे संपते ते ठरेल.